कमांड लाइनवरून एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सेट करणं आणि काढून टाकणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरातल्या मराठी घरांतली बरीच मुलं कॉम्प्युटर शिकतात ती हिंदी-इंग्रजीच्या मिश्रणात, आणि अडलं की मराठीत विचारतात. राजेंद्रनगरला संध्याकाळी माझ्याकडे शिकायला येणारी मुलं आणि सुपर कॉरिडॉरवरच्या कंपन्यांत नव्यानं लागलेले त्यांचे दादा-ताई जे पुन्हापुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. यातले निम्म्याहून अधिक प्रश्न शेवटी एकाच जागी येऊन थांबतात: व्हेरिएबल कोणत्या प्रोसेसचं (म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामचं) आहे आणि ती प्रोसेस सुरू कधी झाली. तेवढं पक्कं डोक्यात बसलं, तर कमांड विसरली तरी चालते, ती शोधता येते.

कमांड कशा वाचायच्या? हे पान देवनागरीत आहे, पण टर्मिनलमध्ये कमांड, नावं आणि आकडे इंग्रजी अक्षरांतच टाइप करायचे. चिन्हं आणि मोकळ्या जागा दिसतात तशाच ठेवा. बरोबरच्या (=) चिन्हाच्या आजूबाजूला तर डोळ्यांत तेल घालून पाहा. उदाहरणासाठी सगळीकडे «शहर» हे नाव घेतलं आहे. ते कॅपिटल अक्षरांत लिहा.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणजे नेमकं काय?

एक नाव आणि त्याची व्हॅल्यू, अशी जोडी. चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामजवळ अशा जोड्यांची स्वतःची यादी असते: घरचं फोल्डर कुठलं, भाषा कोणती, कमांड कोणकोणत्या फोल्डरांत शोधायची. युनिक्समध्ये ही सोय १९७९ च्या सातव्या आवृत्तीपासून आहे. विंडोजच्या आधीच्या डॉसमध्ये ती १९८३ साली २.० आवृत्तीबरोबर आली.

व्हॅल्यू नेहमी मजकूरच असते. आकडा, खरं-खोटं असा प्रकार तिथे नाही. पायथनमध्ये नवखी मुलं इथेच अडतात: डीबग=० असं सेट करतात, प्रोग्राममध्ये «डीबग असेल तर» अशी अट घालतात, आणि डीबग चालूच राहतं. कारण शून्य हे अक्षर असलेली स्ट्रिंग रिकामी नाही, म्हणून पायथनच्या लेखी ती खरी. तुलना स्पष्ट करावी, «व्हॅल्यू १ आहे का» अशी.

एका विंडोत सेट केलं, दुसऱ्या विंडोत दिसत का नाही?

हा सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एखादा प्रोग्राम दुसरा प्रोग्राम सुरू करतो तेव्हा आपल्या यादीची नक्कल त्याला देतो. ती नक्कल त्या क्षणाची असते. नंतर मूळ यादीत बदल झाला तरी नक्कल बदलत नाही, आणि नकलेत बदल केला तरी मूळ यादीला त्याचा पत्ता नसतो. नोकरीसाठी पुण्याला निघालेली लेक आईच्या वहीतून जिरावण मसाल्याचं प्रमाण उतरवून नेते. पुढे आईनं वहीत ओवा वाढवला तरी लेकीच्या कागदावर तो आपोआप उमटत नाही.

दोन टर्मिनल विंडो म्हणजे दोन स्वतंत्र प्रोसेस. एकीत केलेलं सेटिंग दुसरीत जायला वाटच नाही. ज्या विंडोत सेट केलं, तिच्यातूनच प्रोग्राम सुरू करा, म्हणजे त्याला ते मिळेल.

याच कारणानं स्क्रिप्टमध्ये सेट केलेलं व्हेरिएबल स्क्रिप्ट संपल्यावर गायब होतं. लिनक्स-मॅकवर स्क्रिप्ट वेगळ्या प्रोसेसमध्ये चालते आणि तिच्याबरोबर तिची यादीही जाते. ते आपल्या विंडोत राहायला हवं असेल, तर स्क्रिप्ट सोर्स कमांडनं चालवा. मग तिच्यातल्या ओळी चालू शेलमध्येच (शेल म्हणजे विंडोत तुमच्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) चालतात. विंडोजची बॅच फाइल मात्र त्याच कमांड प्रॉम्प्टमध्ये चालते, त्यामुळे तिनं सेट केलेलं मागे उरतं. ते नको असेल तर फाइलच्या सुरुवातीला सेटलोकल लिहा.

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये कसं सेट करायचं आणि काढायचं?

सेट "शहर=इंदूर"
एको %शहर%
सेट "शहर="

पहिली ओळ सेट करते, दुसरी दाखवते, तिसरी काढते. नुसतं सेट लिहून एंटर दाबलं की अख्खी यादी येते. सेट पी लिहिलं तर पी पासून सुरू होणारी नावं तेवढी. काढून टाकल्यावर एको केलं आणि पडद्यावर %शहर% असं टक्क्याच्या चिन्हांसकट आलं, तर घाबरू नका. ते व्हेरिएबल आता नाही, असा त्याचा अर्थ.

विंडोजला नावातली लहान-मोठी अक्षरं सारखीच. लिनक्स आणि मॅकला नाहीत.

व्हॅल्यू बरोबर दिसते, तरी प्रोग्राम ती चुकीची आहे म्हणतो. का?

विंडोजवर असं झालं की आधी शेवटची मोकळी जागा तपासा. आमच्या एका विद्यार्थिनीनं ही ओळ लिहिली होती:

सेट मोड=टेस्ट && पायथन अ‍ॅप.पीवाय

वाचायला निर्दोष. पण कमांड प्रॉम्प्ट बरोबरच्या चिन्हानंतरचं सगळं व्हॅल्यूत घेतो, आणि && च्या आधीची मोकळी जागाही त्यात आली. व्हॅल्यू झाली «टेस्ट» आणि तिच्यापुढे एक स्पेस. प्रोग्राम «टेस्ट» शोधत होता, त्याला ते सापडेना. एको केल्यावर स्पेस डोळ्यांना दिसत नाही. म्हणून एको [%मोड%] असं कंसात दाखवून पाहावं, बंद होणारा कंस लांब पडलेला लगेच कळतो.

उपाय म्हणजे वर दाखवल्याप्रमाणे नावापासून व्हॅल्यूपर्यंत सगळं अवतरण चिन्हांत घालणं. ती चिन्हं व्हॅल्यूत जात नाहीत. बरोबरच्या चिन्हाआधी स्पेस दिली तर आणखी पंचाईत: ती स्पेस नावाचाच भाग होते.

पॉवरशेलमध्ये सेट चालतं का?

चालल्यासारखं दिसतं, पण काम होत नाही. पॉवरशेलमध्ये सेट हे सेट-व्हेरिएबल या वेगळ्याच कमांडचं टोपणनाव आहे. सेट शहर=इंदूर लिहिलं की «शहर=इंदूर» अशा अख्ख्या नावाचं पॉवरशेलचं स्वतःचं व्हेरिएबल तयार होतं आणि एररही येत नाही. तिथे असं लिहायचं:

$एन्व्ह:शहर = 'इंदूर'
रिमूव्ह-आयटम एन्व्ह:शहर

यादी पाहायला गेट-चाइल्डआयटम एन्व्ह: लिहा. इथे बरोबरच्या चिन्हाभोवती स्पेस चालते आणि व्हॅल्यू अवतरणात लागते. आपण कुठल्या शेलमध्ये आहोत हे आधी बघण्याची सवय लावून घ्या: पॉवरशेलच्या प्रॉम्प्टच्या सुरुवातीला पीएस ही अक्षरं असतात.

विंडोजवर कायमचं सेट कसं करायचं?

सेटएक्स शहर इंदूर

यात बरोबरचं चिन्ह नसतं. हे सेटिंग रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात, तुमच्या युझरच्या खात्यात लिहिलं जातं. शेवटी /एम जोडलं तर संपूर्ण मशीनसाठी, पण त्याला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेली विंडो लागते. चालू विंडोला याचा पत्ता लागत नाही, नवी उघडा.

एकच नाव युझर आणि मशीन अशा दोन्हीकडे असेल तर युझरचं चालतं. अपवाद पाथचा, म्हणजे कमांड कोणकोणत्या फोल्डरांत शोधायची त्या यादीच्या व्हेरिएबलचा: तिथे मशीनचा पाथ आधी, त्याला जोडून युझरचा, असा एकच लांब पाथ बनतो.

सेटएक्सनं पाथ बदलला आणि निम्म्या कमांड बंद पडल्या. काय झालं?

जावाचं फोल्डर पाथमध्ये घालायचं म्हणून इंटरनेटवरची ही ओळ मुलं उचलतात:

सेटएक्स पाथ "%पाथ%;सी:\जावा\बिन"

ही ओळ वापरू नका. तिच्यात दोन दोष आहेत. %पाथ% म्हणजे मशीनचा आणि युझरचा मिळून झालेला पाथ. तो सगळा युझरच्या पाथमध्ये कोंबला जातो, म्हणजे मशीनचं प्रत्येक फोल्डर दोनदा. दुसरा दोष जास्त महाग पडतो: सेटएक्स १०२४ अक्षरांच्या पुढचं कापून टाकतं. तशी सूचना पडद्यावर येते खरी, पण तोवर कापलेला पाथ लिहून झालेला असतो. नवं फोल्डर शेवटी जोडलेलं, त्यामुळे कात्री सगळ्यांत आधी त्यालाच लागते. मुलं म्हणतात, «सर, जावा घातलं तरी जावा सापडत नाही.»

असं झालं असेल आणि जुनी विंडो अजून उघडी असेल, तर ती बंद करू नका. तिच्याजवळ जुन्या पाथची नक्कल आहे. एको %पाथ% करून तो मजकूर नोटपॅडमध्ये उतरवून घ्या, मग विंडोजच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलच्या खिडकीत जाऊन युझरचा पाथ हातानं दुरुस्त करा. पाथपुरतं तरी मी ती खिडकीच वापरा असं सांगतो. तिथे एकेका फोल्डरची वेगळी ओळ दिसते, काय जोडलं आणि काय काढलं ते डोळ्यांसमोर राहतं.

आणि हो, जावा_होममध्ये जावाचं मुख्य फोल्डर द्यायचं, त्यातलं बिन नव्हे. बिन जातं पाथमध्ये.

सेटएक्सनं केलेलं काढायचं कसं?

सेटएक्सला काढणं येत नाही. रिकामी अवतरणं दिली तर व्हॅल्यू रिकामी होते, नाव रजिस्ट्रीत पडून राहतं. काढायला:

रेग डिलीट एचकेसीयू\एन्व्हायर्नमेंट /व्ही शहर /एफ

ही कमांड रजिस्ट्रीतून ओळ पुसते, पण बाकीच्या विंडोजला कळवत नाही. त्यामुळे स्टार्ट मेनूतून उघडलेल्या नव्या विंडोतही जुनं व्हेरिएबल दिसत राहतं. साइन आउट करून परत आल्यावर जातं. पॉवरशेलमधून काढलं तर कळवण्याचं कामही होतं:

[एन्व्हायर्नमेंट]::सेटएन्व्हायर्नमेंटव्हेरिएबल('शहर', [नलस्ट्रिंग]::व्हॅल्यू, 'युझर')

ओळ लांब आहे, पण मी हीच सुचवतो. आधीपासून उघड्या असलेल्या विंडो मात्र आपली जुनी नक्कल घेऊनच बसतात.

लिनक्स आणि मॅकवर काय लिहायचं?

एक्सपोर्ट शहर=इंदूर
प्रिंटएन्व्ह शहर
अनसेट शहर

बरोबरच्या चिन्हाभोवती स्पेस अजिबात नको. दिली तर विंडोजसारखा गुपचूप गोंधळ होत नाही, शेल एरर देतं. व्हॅल्यूतच स्पेस असेल तर ती अवतरणात घाला.

एक्सपोर्ट न लिहिता नुसतं शहर=इंदूर लिहिलं, तर एको $शहर इंदूर दाखवेल, पण तुमच्या प्रोग्रामला काहीच मिळणार नाही. ते फक्त शेलपुरतं राहिलं. म्हणून तपासताना एकोवर भरवसा ठेवू नका, प्रिंटएन्व्ह वापरा. ते शेलच्या बाहेरून येणारं खरं चित्र दाखवतं.

अनसेट करताना नावाआधी $ लावू नका. लावला तर शेल आधी व्हॅल्यू भरतं आणि «इंदूर» नावाचं व्हेरिएबल पुसायला जातं. «शहर» तसंच राहतं.

फिश शेल वापरणाऱ्यांसाठी: सेट -एक्स शहर इंदूर, आणि काढायला सेट -ई शहर.

एकाच कमांडपुरतं बदलता येतं का?

येतं, आणि ही माझी सगळ्यांत आवडती सोय. कमांडच्या आधी त्याच ओळीत लिहायचं:

टीझेड=अमेरिका/न्यू_यॉर्क डेट

न्यू यॉर्कची आत्ताची वेळ येते आणि तुमच्या शेलमध्ये काहीही बदलत नाही. रात्रपाळीत अमेरिकेच्या वेळेशी जुळवून काम करणाऱ्यांना ही ओळ रोज उपयोगी पडते. इंदूरसाठी वेगळं नाव नाही. अख्ख्या भारताचा टाइम झोन आशिया/कोलकाता. नावाचं स्पेलिंग नीट पाहा, कारण लिनक्सवर चुकीचं नाव दिलं तरी एरर येत नाही, गुपचूप यूटीसीची, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची वेळ छापली जाते.

उलट, एखादं व्हेरिएबल एकाच कमांडला द्यायचं नसेल, तर एन्व्ह -यू शहर लिहून पुढे ती कमांड लिहा. संपूर्ण कोऱ्या यादीनिशी चालवायची असेल तर एन्व्ह -आय. «माझ्या मशीनवर चालतं, सर्व्हरवर नाही» अशी तक्रार आली की मी आधी हेच करून बघायला सांगतो.

लिनक्सवर कायमचं कुठे लिहायचं?

बॅश वापरत असाल तर घरच्या फोल्डरमधल्या .बॅशआरसी फाइलच्या शेवटी एक्सपोर्टची ओळ लिहा. मॅकवर २०१९ च्या कॅटलिना आवृत्तीपासून झेडशेल हे मूळ शेल आहे, तिथे फाइल .झेडएसएचआरसी. .बॅशआरसी प्रत्येक नव्या टर्मिनलला वाचली जाते; .प्रोफाइल लॉगिनच्या वेळी. उबुंटूवर डेस्कटॉपच्या आयकॉनवरून उघडणाऱ्या प्रोग्रामलाही व्हेरिएबल हवं असेल तर .प्रोफाइलमध्ये लिहून पुन्हा लॉगिन करा.

सगळ्या युझरसाठी /ईटीसी/एन्व्हायर्नमेंट आहे. ती स्क्रिप्ट नव्हे. तिच्यात नाव=व्हॅल्यू एवढंच लिहायचं; $पाथ लिहून आधीचा पाथ जोडायला गेलात तर जोडला जाणार नाही, आणि मशीनचा पाथ बिघडेल.

.बॅशआरसीतली ओळ पुसली, सोर्सही केलं, तरी व्हेरिएबल आहेच. असं कसं?

सोर्स म्हणजे फाइलमधल्या ओळी चालवणं. जी ओळ आता नाहीच, ती चालणार कशी आणि काढणार काय? व्हेरिएबल आधीच तुमच्या शेलच्या यादीत आलेलं आहे. अनसेट करा किंवा नवं टर्मिनल उघडा. नव्यातही दिसलं तर ते वरून येतंय: .प्रोफाइल, /ईटीसी/एन्व्हायर्नमेंट, किंवा टर्मिनल ज्यातून उघडलं तो डेस्कटॉप, ज्यानं लॉगिनच्या वेळची नक्कल धरून ठेवली आहे.

व्हीएस कोडचं टर्मिनल बंद करून उघडलं तरी बदल दिसत नाही.

व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटर. त्यातलं टर्मिनल व्हीएस कोडची यादी घेतं आणि व्हीएस कोड बदलाच्या आधीपासून चालू आहे. त्याच्या सगळ्या विंडो बंद करून तो पुन्हा उघडा.

रिकामी व्हॅल्यू आणि व्हेरिएबल नसणं यांत फरक आहे?

कमांड प्रॉम्प्टमध्ये नाही, कारण रिकामं सेट केलं की ते निघूनच जातं. लिनक्स-मॅकवर आहे. एक्सपोर्ट शहर= लिहिलं तर व्हेरिएबल शिल्लक राहतं, फक्त व्हॅल्यू रिकामी. काही प्रोग्राम नुसतं नाव आहे का एवढंच पाहतात. काढायचं असेल तर अनसेटच करा.

चुकून पाथच अनसेट केला. फाइलींची यादी दाखवणारी एलएस कमांडही सापडत नाही!

काही बिघडलेलं नाही, बदल त्या विंडोपुरता आहे. विंडो बंद करून नवी उघडा. त्याच विंडोत राहायचं असेल तर एक्सपोर्ट पाथ=/यूएसआर/बिन:/बिन लिहा. एक्सपोर्ट शेलच्या आतलीच कमांड असल्यामुळे ती पाथशिवायही चालते.

सुडो लावलं की किंवा क्रॉनमध्ये टाकलं की व्हेरिएबल का मिळत नाही?

सुडो अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या अधिकारानं कमांड चालवतं आणि सुरक्षिततेसाठी बहुतेक यादी पुसून मगच कमांड चालवतं. हवं तेवढंच नाव पुढे द्या: सुडो शहर=इंदूर आणि मग कमांड. सगळी यादी पाठवणारा -ई हा पर्यायही आहे, पण त्यानं काय काय आत जातंय यावर लक्ष राहत नाही.

क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारा प्रोग्राम, तुमची .बॅशआरसी वाचत नाही आणि त्याचा पाथ अगदी आखूड असतो. क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या कामांच्या फाइलच्या) वरच्या भागात नाव=व्हॅल्यू लिहा आणि प्रोग्रामचा पूर्ण पत्ता द्या.

टर्मिनलमध्ये मराठी आणायची आहे. कोणतं व्हेरिएबल?

लँग. उबुंटूवर आधी सुडो लोकेल-जेन एमआर_आयएन.यूटीएफ-८ चालवा, मग

लँग=एमआर_आयएन.यूटीएफ-८ डेट

करून पाहा, वार आणि महिना मराठीत येतो. आला नाही तर एलसी_ऑल सेट आहे का बघा, ते लँगच्या वरचढ असतं. व्हॅल्यूत देवनागरी अक्षरं खुशाल लिहा. नावात मात्र इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर एवढंच, आणि सुरुवात आकड्यानं नको.

पासवर्ड किंवा एपीआयची किल्ली व्हेरिएबलमध्ये ठेवणं सुरक्षित आहे?

कोडमध्ये लिहिण्यापेक्षा नक्कीच बरं. पण ती किल्ली तुम्ही सुरू केलेल्या प्रत्येक प्रोग्रामला मिळते, आणि लिनक्सवर तुमच्याच खात्यातला दुसरा प्रोग्राम /प्रॉक फोल्डरमधून ती वाचू शकतो. शिवाय एक्सपोर्टची ओळ शेलच्या हिस्टरीत जाते. ते टाळायला बॅशमध्ये रीड -एस किल्ली लिहा, पासवर्ड टाइप करा (तो दिसणार नाही), मग एक्सपोर्ट किल्ली. .एन्व्ह फाइल वापरत असाल तर प्रोजेक्टच्या पहिल्याच दिवशी तिचं नाव .गिटइग्नोरमध्ये (गिटनं वगळायच्या फाइलींच्या यादीत) घाला. किल्ली एकदा गिटहबवर गेली की फाइल पुसून उपयोग नाही, ती जुन्या कमिटमध्ये राहतेच. किल्लीच रद्द करून नवी घ्यावी लागते.

कॉलेजच्या लॅबमधलं मशीन आहे. निघताना काय काढू?

नुसतं सेट किंवा एक्सपोर्ट केलं असेल तर विंडो बंद केली की झालं. सेटएक्स केलं असेल, .बॅशआरसीत लिहिलं असेल, तर तिथून काढा आणि नवी विंडो उघडून खात्री करा. विंडोजवर सेट शहर लिहून नाव सापडत नाही असं उत्तर यायला हवं. लिनक्सवर प्रिंटएन्व्ह शहर गप्प राहायला हवं. तुमचं नसलेलं नाव यादीत दिसलं तर त्याला हात लावू नका. ते दुसऱ्या कुणाच्या प्रोजेक्टचं किंवा लॅबच्या सॉफ्टवेअरच्या लायसन्सचं असू शकतं. लॅब असिस्टंटना विचारा.